तार त्यांची, वैरण आपली



१३२ केव्हीच्या लाइनसाठी २७ मीटरचा पट्टा धरतात. म्हणजे किलोमीटरला साडेसहा एकरांवर रान. तार त्यांची, सातबारा आपला. तारेला धोका उंच झाडाचा, गवताचा नाही. तरी सरसकट तोड होते. उरलेल्यावर आपणच तणनाशक मारतो, काडी लावतो. मारवेल, पवना संपतात, गाजरगवत माजते. मग वैरण विकत आणतो!

आपली मागणी साधी आहे. तोडीआधी गावाला सांगा. उंच जाणारी बाभूळ, सुबाभूळ काढा, तीही वीज बंद करून, तुमच्याच माणसांकडून. तरवड, बोरटी राहू द्या.

आणि आपले काम? गवताचे बी पडू द्यायचे, मगच विळा लावायचा. तारांखाली जाळ करायचा नाही. धुरानेही लाइन बंद पडते.