रिकाम्या गावातील तालीम



बालाघाटाच्या कुशीतील एका गावी माघात वणव्यापासून सुटकेची रंगीत तालीम झाली, तीत मी सामील होतो. भोंगा वाजताच म्हातारी माणसे व लेकरे शाळेच्या पटांगणात जमली. अंथरुणाला खिळलेल्या एका आजीबाईंना बाजेसकट आणले. शिस्त वाखाणण्याजोगी होती. परंतु हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारे, जाळरेषा काढणारे हात गावात नव्हतेच. मुकादमाची उचल फेडण्यासाठी ते दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले.

आणि तेथे ते राहतात कशात? पाचटाच्या कोपीत. आत चूल, भोवती वाळलेले पाचट. आईबाप पहाटेच कोयते घेऊन फडात, तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या हवाली. तेथे भोंगा कोण वाजविणार?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा आवश्यक ठरविला. मग हंगामभर बीडबाहेर राबणारा माणूस कोणत्या जिल्ह्याच्या आराखड्यात मोजावयाचा?

साखर आयुक्तांनी गाळप परवाना देतानाच कोप्यांमधील मोकळे अंतर, पाण्याची टाकी आणि पहिल्याच आठवड्यात अशी तालीम, या अटी कारखान्यांवर घालाव्यात, अशी मागणी आपण केली पाहिजे. टनामागे तो खर्च किती पडेल, हे कारखान्याचा कोणताही लेखनिक पाच मिनिटांत सांगेल.