इमान कोणाचं? मालवण ते विजयदुर्ग, एका दिवसाची बस

भाताची कापणी-झोडणी आटोपली की आपल्या बचत गटांत सहलीचा विषय निघतो. कोणी पंढरपूर म्हणतं, कोणी गणपतीपुळे. यंदा मी वेगळी वाट सुचवते. आपल्याच पूर्वजांनी जिथे चाकरी केली, त्या जागा बघायला जाऊया. सकाळी मालवण, दुपारी विजयदुर्ग.

पहिला थांबा मोरयाचा धोंडा. इथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या कामाला सुरुवात झाली असं सांगतात. मग पहिल्याच होडीने कुरटे बेटावर. शिवराजेश्वराचं दर्शन घ्या, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे बघा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत डोकवा. चोहीकडे खारं पाणी आणि मध्ये हे गोडं! किल्ला बांधणारे म्हणून हिरोजी इंदुलकरांचं नाव आपल्याला माहीत आहे. पण दगड वाहणारे, चुना मळणारे, पायात शिसं ओतणारे हात कितीतरी होते. आरमारावर गाबीत होते, भंडारी होते, मुसलमान दर्यावर्दीही होते. दौलतखान तर महाराजांच्या आरमाराचे सरदार. आपल्यातल्या कितीजणींचे पूर्वज त्यांत असतील!

आता बस आचरा, कुणकेश्वर, देवगड करत विजयदुर्गाला नेऊया. इथे जरा सावकाश ऐका. हा किल्ला आंग्र्यांचा. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं आणि पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून इंग्रजांच्या तोफा आणि जमिनीवर पेशव्यांची फौज, अशी कोंडी झाली. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला आणि पुढे तिथल्या आरमाराचा कारभार धुळपांनी सांभाळला.

आता बसमध्ये एक म्हणेल, ‘आमचे आंग्र्यांचे इमानी.’ दुसरी म्हणेल, ‘आमचे पेशव्यांचे.’ दोघी खऱ्या असू शकतात. मग बेइमान कोण? आपण घाईने निवाडा करू नये. सिंधुदुर्गावरही १७६५ मध्ये इंग्रज आले, त्यांनी किल्ल्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं. मग तो कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि १८१२ मध्ये मालवण इंग्रजांच्याच हाती पडलं. वर निशाण बदलत होतं, खाली चूल रोज पेटवावी लागत होती. घोव आरमारावर गेला की घर, पोरं, म्हातारी माणसं बाईनेच ओढली असणार. तिचं इमान कोणत्या बखरीत शोधायचं?

आपल्या वंशावळीत पुरुषांचीच नावं असतात. पण श्राद्धाला आई, आजी, पणजी यांची नावं घेतात, हे विसरू नका. म्हणून बस निघण्याआधी प्रत्येकीने एक वही घ्यावी. माहेरच्या आणि सासरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बसावं आणि विचारावं: तुझ्या आजीचं नाव काय? ती कुठल्या गावची? घरात होडीच्या, किल्ल्याच्या कोणत्या गजाली सांगत? ऐकलेलं एका पानावर लिहा, कागदपत्रांत सापडलेलं दुसऱ्या पानावर. दोन्ही मिसळू नका, म्हणजे नातवंडांना खरं काय ते कळेल. दुसऱ्या घराची गजाल आपल्यापेक्षा वेगळी निघाली तर तीही लिहा.

थोडं व्यवहाराचं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरचा दिवस धरा. होडीत लाईफ जॅकेट घालाच. अख्खी गाडी परवडत नसेल तर रोजची एसटी आहे. मार्च २०२३ पासून आपल्याला तिकीट अर्धं आहे. गाडी बदलावी लागली तर देवगडला बदला. ज्यांना विजयदुर्गाच्या पायऱ्या झेपत नाहीत, त्यांच्यासोबत एकजण खाली थांबा. तेवढ्या वेळात त्यांच्याच गजाली वहीत उतरवून घ्या.

येत्या बैठकीत तारीख ठरवा आणि त्याच बैठकीत प्रत्येकीने आपल्या पणजीचं नाव सांगावं. जिला येत नसेल, तिने घरी जाऊन आजच विचारावं. सांगणारी म्हातारी आहे तोवरच.