रायफलीवरची दुर्बीण

श्रोते हो, आजचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. मग शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण कशी बसवतात, ते आम्ही कशाला ऐकावे, असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. पण जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे या दुर्बिणीचे गणित चुकले की त्याची शिक्षा मुक्या जनावराला होते. आणि ते गणित आपल्या शाळेच्या फळ्यावर सहज मावते.

नॉर्वे देशाचे उदाहरण घ्या. तिथल्या रानात एल्ग नावाचे, घोड्याएवढे थोराड हरीण असते. शरद ऋतूत परवान्याने त्याची शिकार होते. त्याआधी शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. सरावाच्या ३० गोळ्या झाडायच्या. मग १०० मीटरवरच्या हरणाच्या चित्रावर ५ गोळ्या, आणि त्या पाचही ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडल्या पाहिजेत. जनावर जखमी होऊन पळाले, तर माग काढणारा कुत्रा घेऊन त्याचा शोध घेणे शिकाऱ्यावर बंधनकारक असते.

आता निवड. दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८×५६. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर आले ७. एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. म्हणून झुंजूमुंजू उजेडात ही दुर्बीण चांगली चालते. उलट ४० मिलिमीटरच्या भिंगातून ९ पट मोठे पाहू गेलात, तर झोत साडेचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. चित्र मोठे, पण काळोखे. शिवाय पट वाढली की रानाचा तुकडा लहान दिसतो आणि हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, हा समज खरा नव्हे.

निवडीपेक्षा बसवणे अवघड. प्रथम रायफल रिकामी आहे ना, हे स्वतः पाहायचे. स्क्रूंचे तेल पुसायचे. दुर्बीण नळीला टेकू न देता होईल तितकी खाली बसवायची. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग उघडायचे. पूर्ण गोल चित्र दिसले तर अंतर बरोबर. डोळा आणि भिंग यांत सुमारे ९ सेंटिमीटर अंतर हवे. नाही तर धक्क्याने भुवई फुटते. आतल्या फुलीची उभी तार सरळ आहे का, हे पाहायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. स्क्रू आळीपाळीने, कारखान्याने सांगितले असतील तेवढेच आवळायचे. फार आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते.

एवढी काटेकोर काळजी का? शिक्षक बंधुभगिनींनो, इथे समरूप त्रिकोण आठवा. दुर्बिणीच्या दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे, असे धरा. त्यातली एक कडी फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढी, सरकली. तेवढ्याने १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटरने चुकतो आणि २०० मीटरवर २०. परीक्षेच्या वर्तुळाची त्रिज्या १५ सेंटिमीटर, हे ध्यानात घ्या. कागदाएवढ्या ढिलाईने गोळी काळजाऐवजी पोटात बसते, आणि ते जनावर तासन्‌तास रानात तडफडत राहते.

म्हणूनच दुर्बीण बसवल्यावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकून तीन गोळ्या झाडतात. तिन्ही खुणा जवळजवळ पडल्या, पण मध्यापासून दूर, तर दुर्बिणीची चकती फिरवून नेम सरकवता येतो. युरोपात बहुधा एका खटक्याला १०० मीटरवर १ सेंटिमीटर. खुणाच विखुरल्या असतील, तर आधी स्क्रू पाहावेत. चकती कितीही फिरवली तरी उपयोग नाही. रायफल पडली, आपटली, की हे सारे पुन्हा करायचे.

शाळेत बंदूक नको. १० सेंटिमीटर लांबीची कागदी नळी घ्या, तिच्यातून १० मीटरवरच्या भिंतीवरची खूण पाहा, आणि नळीचे एक टोक १ मिलिमीटर सरकवा. भिंतीवर नजर किती सरकली, ते मुलांनाच मोजू द्या.