ताईचे आकडे का बदलले? उबुंटूवर ‘आर’ बसवताना मी केलेल्या चुका

बसमध्ये असाल तर खिडकी पकडा, घरी असाल तर चहा घेऊन बसा. आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, त्यात एक घरगुती गोष्टपण आहे.

तर, एप्रिल २०२३. रात्रीचे साडेअकरा. ताईचा फोन. एवढ्या रात्री ताई फोन करत नाही, त्यामुळे आधी काळजात धस्स झालं. घरचे सगळे बरे होते. ती एवढंच म्हणाली, “अरे, माझे आकडे बदललेत. थिसिसमध्ये ८१ टक्के लिहिलंय आणि तुझ्या या लिनक्सवर ७७ येतंय. दहा दिवसांनी सेमिनार आहे. काय करून ठेवलंयस तू?”

आता “काय करून ठेवलंयस” या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

लिनक्स आलं कुठून?

ताई कृषी विषयात पीएचडी करत होती. ज्वारीच्या वाणांच्या चाचण्या, तीन हंगामांची आकडेवारी. तिचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. विंडोज सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागायची. त्यात संख्याशास्त्राचं एक महागडं सॉफ्टवेअर होतं, तेही कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेलं. म्हणजे सरळ सांगायचं तर चोरीचं. ते एक दिवस उघडेनासं झालं.

मी बी.टेक. केलेला, पुण्यात नोकरीला, म्हणजे घरातला अधिकृत कॉम्प्युटरवाला. दिवाळीला बार्शीला गेलो आणि छाती फुगवून सांगितलं, “ताई, उबुंटू टाकू. त्यावर ‘आर’ बसवू. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि जगभरचे संशोधक तेच वापरतात.”

बोललो त्यात काही खोटं नव्हतं. ‘आर’ ही भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ९० च्या दशकात बनवली. १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० ला तिची १.० आवृत्ती आली. ताईनं सुरुवातीचं काही काम विभागातल्या विंडोज मशीनवर ‘आर’मध्येच केलं होतं, त्यामुळे भाषा तिला येत होती.

खोटं होतं ते माझं “मला सगळं येतं” हे सोंग. ऑफिसात मी लिनक्स सर्व्हरवर काम करतो खरं, पण तो सर्व्हर सांभाळतं दुसरंच कुणीतरी. स्वतःच्या हातानं लिनक्स बसवून ते चालतं ठेवायचं, हे मी पहिल्यांदाच करत होतो. म्हणजे मीही नवशिकाच.

पहिली चूक: दुसऱ्याच्या मापाचे कपडे

उबुंटू २२.०४ अर्ध्या तासात बसलं. लॅपटॉप पळायला लागला. टर्मिनलमध्ये सुडो कमांड दिल्यावर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही. ताईला वाटलं कीबोर्ड बिघडला. तुम्हालाही वाटेल, तर टाइप करत राहा आणि एंटर मारा.

आता ‘आर’. उबुंटूचं स्वतःचं एक कोठार असतं. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आर-बेस’ म्हटलं की तिथून ‘आर’ येतं. पण तिथली आवृत्ती उबुंटू बाहेर पडलं तेव्हाची असते. २२.०४ मध्ये ती ४.१.२ आहे. मला हवी होती सगळ्यात ताजी. ताजी मिळते क्रॅनवर, म्हणजे ‘आर’च्या स्वतःच्या कोठारात. क्रॅन उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी रिपॉझिटरी ठेवतं. तिचा पत्ता आपल्या मशीनला सांगायचा असतो.

मी नेटवरून एक ओळ उचलली, चिकटवली, एंटर. तर लाल अक्षरांची रांग! म्हणे, आर-बेस-कोअरला लिबआयसीयू ६६ लागतं आणि ते बसवता येत नाही.

दोन तास घालवले. शेवटी ताईच म्हणाली, “त्या ओळीत फोकल असं लिहिलंय. आपल्या लॅपटॉपवर तर जॅमी दिसतंय. ते काय आहे?”

मंडळी, उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला टोपणनाव असतं. २०.०४ म्हणजे फोकल, २२.०४ म्हणजे जॅमी. मी धाकट्या भावाच्या मापाचा शर्ट थोरल्याला घालत होतो. लिबआयसीयू ६६ फोकलमध्ये असतं, जॅमीमध्ये ७० असतं. ओळीतला एक शब्द बदलला, ‘सुडो एपीटी अपडेट’ केलं आणि ‘आर’ ४.२ गुपचूप येऊन बसलं.

हा धडा लिहून ठेवा. नेटवरची ओळ चिकटवण्याआधी ती कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते बघा. आणि एपीटी अडलं की कुठूनतरी फाइल उतरवून बळजबरीनं बसवू नका. एपीटी नाही म्हणतं तेव्हा त्याच्याकडे कारण असतं.

दुसरी चूक: शेवटची ओळ वाचणं

नुसतं ‘आर’ बसून भागत नाही. त्याची पॅकेजेस लागतात. ताईला टायडीव्हर्स हवं होतं, रँडम फॉरेस्ट हवं होतं. विंडोजवर हे दोन मिनिटांत होतं. इथं पंखा घरघरायला लागला, पडद्यावर अक्षरांचा पाऊस, आणि अर्ध्या तासानं शेवटी ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’.

असं का होतं? विंडोज आणि मॅकसाठी क्रॅन तयार भाकरी देतं. लिनक्ससाठी देतं पीठ. भाकरी तुमच्या मशीननं तुमच्याच चुलीवर भाजायची, म्हणजे कोड तिथल्या तिथं कंपाइल व्हायचा. त्यासाठी परात, तवा, सगळं घरात पाहिजे. तो तवा म्हणजे नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली पॅकेजेस. कंपाइलर वगैरे आर-बेस-डेव्हमधून येतात. लिबकर्ल, लिबएसएसएल, लिबएक्सएमएल २ यांची डेव्ह पॅकेजेस वेगळी घ्यावी लागतात. लायब्ररी मशीनवर आधीपासून असते, पण कंपाइल करायला तिच्या हेडर फाइल्स लागतात आणि त्या डेव्हमध्ये असतात. मला हा फरकच माहीत नव्हता.

गंमत म्हणजे उत्तर पडद्यावरच होतं. मी शेवटची ओळ वाचून कपाळ बडवत होतो. चाळीसेक ओळी वर त्यानं स्पष्ट लिहिलं होतं की लिबकर्ल सापडलं नाही, उबुंटूवर असाल तर अमुक पॅकेज बसवा. नावासकट! शेवटची ओळ सांगते की काम फसलं. का फसलं ते वर असतं. आणि वर जाऊन पहिली चूक शोधायची, कारण बाकीच्या तिच्यामागून येतात.

जुना लॅपटॉप असेल तर अजून एक सोपी वाट आहे. बरीच पॅकेजेस उबुंटूच्या कोठारात तयार मिळतात, त्यांची नावं ‘आर-क्रॅन’नं सुरू होतात. आवृत्ती जुनी असते, पण भाजायची भानगड नाही. ताजी आणि तरीही तयार हवी असतील तर पॉझिटचं पब्लिक पॅकेज मॅनेजर आहे, आरटूयू नावाचा प्रकल्प आहे. मला हे सगळं नंतर कळलं.

तिसरी चूक: सुडोची सवय

एका पॅकेजच्या वेळी ‘आर’नं सांगितलं की या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही, तुमच्या होम फोल्डरमध्ये स्वतःची लायब्ररी करू का? मी वाचलंच नाही. ‘आर’ बंद केलं आणि ‘सुडो आर’ म्हणून उघडलं. झालं बसून! मी खूश.

पुढच्या महिन्यात ताई पॅकेज अपडेट करायला गेली तर परवानगी नाही. कारण त्या फाइल्सचा मालक होता रूट, ताई नव्हे. स्वतःच्याच घरातलं कपाट, पण किल्ली पाटलांकडे. ती सगळी पॅकेजेस काढून तिच्या होम फोल्डरमध्ये पुन्हा बसवावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. ‘आर’ बसवायला सुडो, ‘आर’ वापरायला कधीच नाही.

आणि मग तो एप्रिल

मी ताईला शहाणपणानं सांगितलं होतं, दर रविवारी ‘सुडो एपीटी अपग्रेड’ करत जा. सुरक्षेसाठी चांगलं असतं. ती बिचारी नेमानं करायची. एप्रिल २०२३ मध्ये ‘आर’ ४.३ आलं. रविवारी ते तिच्या लॅपटॉपवर आपोआप बसलं, आणि सोमवारी सकाळी टायडीव्हर्स नावाचं पॅकेजच नाही असा संदेश.

पॅकेजेस कुठं गेली नव्हती. ‘आर’ तुमची वैयक्तिक लायब्ररी आवृत्तीच्या नावानं ठेवतं. ४.२ चा फोल्डर जिथल्या तिथं होता. ४.३ आपला नवा, रिकामा फोल्डर बघत होतं. पॅकेजेस पुन्हा बसवली, आणि वर मी म्हणालो, “आता सगळ्या जुन्या स्क्रिप्ट एकदा चालवून बघ.” त्यातली एक विभागातल्या मशीनवर, ‘आर’ ३.५ वर लिहिलेली होती. तिचे निकाल कधीच प्रकरणात गेले होते, म्हणून दिवाळीनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. ती आधी अडलीच. जुन्या ‘आर’मध्ये फाइल वाचताना वाणांची नावं आपोआप फॅक्टर व्हायची, ४.० पासून ती साधा मजकूर राहतात. ते दुरुस्त केल्यावर स्क्रिप्ट चालली, आणि रात्री साडेअकराला तो फोन आला. ८१ चे ७७.

मी आधी लॅपटॉपवर शंका घेतली, मग पॅकेजवर, मग ताईवर. ती म्हणाली, “सीड तोच आहे. १२३. तोच तर तू सांगतोस ना, सीड ठेवला की निकाल तोच येतो?”

मी तसं सांगत आलो होतो, पण ते अर्धसत्य आहे. ‘आर’ ३.६ पासून, म्हणजे २०१९ पासून, सॅम्पल हे फंक्शन नमुना निवडण्याची पद्धतच बदलून बसलंय. जुनी पद्धत, विशेषतः मोठ्या संख्यांच्या बाबतीत, सगळ्यांना अगदी समान संधी देत नव्हती, म्हणून सुधारली. त्यामुळे सीड तोच असला तरी शिकवायच्या ७० टक्क्यांत आणि तपासायच्या ३० टक्क्यांत वेगळ्या नोंदी गेल्या. नमुना निवडायची जुनी पद्धत मागून घेता येते, तिला ‘राउंडिंग’ म्हणतात. ती लावली आणि ८१ जसेच्या तसे परत आले.

मी म्हणालो, “सुटलो! ही ओळ टाक आणि झोप.”

ताई गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे माझा निष्कर्ष कुठल्या नोंदी कुठं पडल्या त्यावर उभा आहे? दुसरा सीड घेतला तर?”

हा प्रश्न इंजिनिअरला सुचला नाही. तिला सुचला. तिनं रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून २०० वेगवेगळे सीड चालवले. सकाळी उत्तर होतं ७४ पासून ८३ पर्यंत. ८१ खोटे नव्हते, ७७ पण खोटे नव्हते. खोटं होतं ते एकाच आकड्यावर ठेवलेला आमचा विश्वास.

तिनं प्रकरण बदललं. एका आकड्याच्या जागी पूर्ण पल्ला दिला आणि ‘आर’ची व पॅकेजेसची आवृत्ती पद्धतीच्या भागात लिहिली. गाइडना स्वतः जाऊन सांगितलं. आदल्या रात्री तिला झोप नव्हती, मलाही नव्हती. सेमिनारमध्ये त्याच पानावर सगळ्यात जास्त प्रश्न आले, आणि सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे होती.

तुमच्यासाठी, थोडक्यात

नव्यानं लिनक्सवर येताय? मग एक वही करा. खरी, कागदाची चालेल. काय बसवलं, कुठून बसवलं, कुठल्या तारखेला, ते लिहा.

काम सुरू असलेल्या प्रकल्पात आरएन्व्ह वापरा. ते प्रत्येक पॅकेजची आवृत्ती एका फाइलमध्ये नोंदवतं, आणि नव्या मशीनवर तोच संच परत उभा करतं. ‘आर’ची आवृत्ती ते फक्त नोंदवतं, बसवत नाही, हे लक्षात ठेवा.

सबमिशन जवळ आलं की ‘एपीटी-मार्क होल्ड’नं ‘आर’ला जागच्या जागी थांबवा. आर-बेस आणि आर-बेस-कोअर दोन्ही. बाकीची सुरक्षा अपडेट्स चालू राहतात.

निकालासोबत सेशन-इन्फोचं आउटपुट जपून ठेवा. एका कमांडचं काम आहे.

आणि निकाल बदलला तर तो आधीसारखा करायची घाई नको. का बदलला ते आधी विचारा. हे मला ताईनं शिकवलं.

ती आता डॉक्टर झालीये. तो जुना लॅपटॉप अजून चालतोय, उबुंटूवरच. फक्त दर रविवारी अपग्रेड करण्याआधी ती मला फोन करून विचारते, “करू का रे? की परत काहीतरी बदलेल?”

मी म्हणतो, “आधी वहीत लिही, मग कर.”

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याही मशीननं असा घाम फोडला असेल तर नक्की कळवा, वाचायला मजा येईल. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि एरर आला की वरून वाचा!