आमच्या घरची ठासणीची

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला सात मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझ्या जिवाभावाची एक वस्तू'. माझ्याआधी एक जण बाजाच्या पेटीवर बोलला, एक मैत्रीण आईच्या शिवणयंत्रावर. माझी वस्तू इथे आणता आली नाही. आणली असती तर आपला मेळावा पोलीस बंदोबस्तात झाला असता. ती आहे आमच्या घरची ठासणीची बंदूक, तिसऱ्या पिढीच्या हातात असलेली.

आपल्यातले जे गावात वाढले त्यांना ठासणीची म्हणजे काय ते सांगायला नको. मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. शेवटी घोड्याखालच्या टोकावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एकदाच. दुसऱ्यासाठी सगळं पहिल्यापासून. मराठीच्या बाई 'ठासून सांगणे' याचा वाक्यात उपयोग करायला लावायच्या, तेव्हा वर्गात तो शब्द हाताला माहीत असलेला बहुधा मी एकटाच होतो. ठासण्यात घाई चालत नाही आणि अर्धवटपणाही चालत नाही. तसं केलं की बार फुसका निघतो. हेही बाईंच्याच वहीतलं.

विज्ञानाच्या सरांची आठवण तर ही बंदूक दर वेळी करून देते. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. बार उडाल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नासक्या अंड्याचा वास येतो. प्रयोगशाळेत गंधकाचा तोच वास आल्यावर आपण सगळे खिडकीकडे पळालो होतो, सर मात्र जागचे हलले नव्हते. नळीत उरलेली काजळी हवेतली ओल ओढून घेते, आणि कोकणातली हवा म्हणजे वर्षातले चार महिने नुसती ओलच. म्हणून बार काढला की त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, खडखडीत सुकवायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. एक रात्र जरी आळस केला तरी सकाळी गंज दिसतो. आजोबांनी हे केलं, बाबांनी केलं, म्हणून नळी आजही आतून आरशासारखी आहे.

इतिहासाचे सर आज आपल्यात आहेत, त्यांच्यासमोर थोडं धाडस करतो. आमची बंदूक ही रायफल नव्हे. तिची नळी आतून गुळगुळीत आहे. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यांनी गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. 1857 मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती एनफिल्डही ठासणीचीच होती, पण तिच्या नळीत अशा तीन खाचा होत्या. काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी. ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. पुडीला लावलेल्या चरबीवरून काय झालं ते सरांनी आपल्याला शिकवलंच आहे. त्यांनी सांगितलं नव्हतं ते पुढचं: उठाव शमल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. नेम लांबवर लागू नये, एवढाच हिशेब. मग 1878 चा हत्यारांचा कायदा आला आणि बंदूक ठेवायला परवाना लागू लागला.

टोपीची कथा आणखी गमतीची. त्याआधी चकमकीच्या बंदुका होत्या. त्यांच्या कानाशी आधी भपका व्हायचा, मग बार. तेवढ्यात पाखरं सावध होऊन उडायची. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फॉरसाइथ नावाच्या पाद्र्याला शिकारीची हौस होती. त्याने आपटल्याबरोबर पेटणारं द्रव्य वापरायची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्या युक्तीतूनच पुढे आली. त्या पाद्र्याचं बदक निसटलं नसतं तर आमच्या घोड्याखाली टोपी नसती.

आता घरचं. आजोबांच्या परवान्यावर पहिला शिक्का रत्नागिरी जिल्ह्याचा आहे. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हापासून शिक्के बदलले. परवान्याचं कारण मात्र तेच राहिलं, पीक संरक्षण. 1959 च्या शस्त्र कायद्यातही शेतीच्या राखणीसाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. लहानपणी भिंतीवरच्या बंदुकीकडे टक लावून बघत असलो की आजोबा म्हणायचे, "ही शोभेक नाय, राखणेक आसा." खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूची माळ. पुढचे तीनशे चौसष्ट दिवस तिला हात लावायचा तर आजोबांना विचारून.

आजोबांचे नियम तीनच. नळीच्या तोंडावर कधी वाकायचं नाही. ठासताना गज तळहाताने दाबायचा नाही, चार बोटांत धरायचा. आणि हातात घेतली की गज आत सोडून बघायचा. रिकाम्या नळीत गज तळाला टेकतो, भरलेलीत वर राहतो. त्यासाठी गजावर खूण केलेली आहे. "रिकामी आहे" असं कुणी सांगितलं तरी गज सोडायचा. बँकेत अडतीस वर्षं नोकरी केली, तिथेही हा नियम मला उपयोगी पडला.

बाबांनी रात्र रात्र मांगरात काढली. भात पोटरीत आलं की डुकरं उतरायची. बाबा फक्त दारू आणि काथ्या ठासून हवेत बार काढायचे. छर्रे पिशवीतच राहायचे. 1972 च्या कायद्यानंतर तर परवानगीशिवाय रानातल्या जनावराला मारणं गुन्हाच. पण बाबांना त्याआधीही मारण्यात गोडी नव्हती. ते म्हणायचे, डुकराला शेत कुणाचं ते कळलं की पुरे. माझ्या मनातली बंदूक ती आहे. काळोखात एकच आवाज, डोंगरावरून परत आलेला त्याचा पडसाद, आणि मग बाबांनी पेटवलेली विडी.

बाबा गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. दोन वर्षं कागद फिरले, पण झाला. निवडणूक लागली की मी बंदूक ठाण्यात जमा करतो, पावती घेतो, निकालानंतर परत आणतो. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षं झाली आहे. माझ्या परवान्याचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे.

आणि इथेच माझी खरी अडचण आहे. परवाना पिकाच्या राखणीचा आहे. पीक नसेल तर राखण कसली? आमच्या कोंडात माझ्या लहानपणी सगळे मळे हिरवे असायचे. आज माझा आणि शेजारच्या काकूंचा, असे दोनच नांगरले जातात. बाकी सगळं पडीक. पडीक मळ्यात रान वाढतं, रानात डुकरं राहतात आणि ती आमच्या दोघांच्या भातावर येतात. माकडांचं तर विचारूच नका, ती बाराला आता घाबरतही नाहीत. मुलगी पुण्याहून म्हणते, "बाबा, भात विकत आणा, बंदूक एखाद्या संग्रहालयाला द्या." तिचं गणित बरोबर आहे. मी हिशेब मांडून बघितला, तांदूळ विकत घेणं स्वस्त पडतं.

तरी यंदा मी मळा नांगरलाय. बायको विचारते, शेतीसाठी बंदूक ठेवताय की बंदुकीसाठी शेती करताय? खरं उत्तर असं, की बंदूक आहे म्हणून मला शेती सोडता येत नाही. दर नूतनीकरणाला तो कागद मला विचारतो, 'अजून पेरतोस ना?' आणि त्याला खोटं उत्तर द्यायचं नाही म्हणून मी पेरतो. ज्या दिवशी मळा थांबेल, त्या दिवशी बंदूक मी स्वतः जमा करीन. नुसती भिंतीवर टांगून ठेवणार नाही. आजोबांनी ते कधीच सांगून ठेवलंय.

मित्रांनो, आपल्यातल्या पुष्कळांच्या नावावर इथे चार-दोन गुंठे आहेत. कुळीथ पेरा, नाचणी पेरा, नाहीतर कुणा राबणाऱ्याला करायला द्या, पण रान माजू देऊ नका. तुम्ही पेरलंत तर राखणीला मी येईन. बार माझा, चहा तुमचा.

गुरुजनांना नमस्कार करून थांबतो. सात मिनिटं झाली असावीत. एका बाराला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ घेतला.