खवट तेल आणि पेशीचे पटल



थंडीत खोबरेल गोठते, जवसाचे तेल गोठत नाही. पण उघडे राहिले, तर जवसाचेच तेल लवकर खवट होते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. तेल म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. खोबरेलाच्या बहुतेक साखळ्या सरळ असतात. काड्यांच्या जुडीसारख्या त्या दाटीने बसतात व गोठतात. जवसाच्या साखळ्यांत दुहेरी बंध असतात, तिथे त्या वाकतात. याच बंधांशेजारी हवेतला प्राणवायू शिरतो. एक साखळी बिघडली की ती शेजारणीला बिघडवते, ती पुढचीला. जणू वणवाच!

असल्याच साखळ्या आपल्या पेशींभोवतीही आहेत, बरे का! १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्धांश पाण्यावर पसरून मोजला आणि पेशीचे पटल दोन थरांचे असल्याचे सांगितले. स्निग्धकणांची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. जाडी मिलिमीटरचा सुमारे दोन लाखावा भाग! वाकड्या शेपट्यांमुळे पटल लवचिक राहते. पण प्राणवायूचा घाला पडतो तोही त्यांच्यावरच. बिघडलेल्या शेपटीला पाण्याची ओढ लागते, ती बाहेर वळते. काही तुटून आखूड होतात. रांग विसकटते, पटल पातळ होते आणि झिरपू लागते.

मग पेशी तगते कशी? पटलात राखणदार असतो, ई जीवनसत्त्व. १९२२ साली अमेरिकेत इव्हान्स व बिशप यांना ते उंदरांवरील प्रयोगांत सापडले. बिघडलेल्या साखळीला हायड्रोजन देऊन ते वणवा तिथेच थोपवते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते फार कमी पडल्याने तांबड्या पेशी फुटून रक्त कमी झाल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे.

हे जीवनसत्त्व शेंगदाणे, करडईचे तेल, पालेभाज्या यांतून मिळते. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापविले की ते नासते. तेव्हा माताभगिनींनो, तळणीपुरतेच तेल घ्या; डबा घट्ट झाकून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा.

गुरुजींनी वर्गात एवढे करावे. काचेच्या दोन तुकड्यांवर जवसाचे आणि खोबरेल तेल पातळ पसरून हवेत ठेवावे. दोनतीन आठवड्यांत जवसाचे तेल चिकट होऊन साय धरू लागेल. खोबरेल तेलकटच राहील. मुलांना बोट लावू द्या. डोळ्यांना न दिसणारे पटल त्यांना बोटाने कळेल.