सार्वजनिक जागेंतील धूर आणि शहराचे नियम

यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणाऱ्या अरुंद मापाच्या आगगाडीस लोक कौतुकानें ‘शकुंतला’ म्हणत. 1994 सालापर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले. इंजिनाचा धूर खिडकींतून आंत येई, त्यास कोणाचा इलाज नव्हता. डब्यांतल्या धुरास मात्र कायदा होता. 1890 च्या रेल्वे कायद्याच्या 110 व्या कलमान्वयें, सहप्रवाशांच्या संमतीवांचून डब्यांत धूम्रपान करणाऱ्यास 20 रुपयांपर्यंत दंड होऊं शके. त्या काळच्या 20 रुपयांची किंमत पाहतां हा दंड जबरच म्हणावयाचा. पण कायद्याची सारी भिस्त ‘संमति’ या एका शब्दावर! सावकारानें विडी शिलगावली, तर शेजारीं अंग चोरून बसलेला शेतमजूर त्यास ‘नको’ म्हणणार कसा? त्याचें मौन हीच संमति ठरे.

ही कल्पना मोडीत निघावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. मुंबईचे एके काळचे महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर 2 नोव्हेंबर 2001 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रुग्णालयें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, सरकारी कचेऱ्या व सार्वजनिक वाहनें यांत धूम्रपानास मनाई केली. राज्यघटनेच्या 21 व्या कलमांतील जीविताचा हक्क न ओढणाऱ्याचाहि आहे, हें त्या निर्णयाचें मर्म होय. 2003 च्या केंद्रीय कायद्यानें ही मनाई पक्की केली, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून अमलांत आलेल्या नियमांनीं ती कामाच्या जागा, चित्रपटगृहें, इतकेंच नव्हे तर बसथांब्यांपर्यंत नेली.

या नियमांतील सर्वांत उपयोगी भाग बहुधा कोणाच्या वाचनांत येत नाहीं. प्रवेशद्वारावर निदान 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद फलक हवा, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्या फलकावर, तक्रार कोणाकडे करावी त्याचें नांवहि हवें. आणि तक्रार येऊनहि त्या गृहस्थानें कांहीं केलें नाहीं, तर जितके अपराध घडले तितका दंड त्यानेंच भरावयाचा आहे. आंत राखदाणी किंवा काडेपेटी ठेवण्यासहि मनाई आहे. दंड करण्याचा अधिकार पोलिसांपुरताच नाहीं. मुख्याध्यापक, ग्रंथपाल, पोस्टमास्तर यांसहि तो आपापल्या जागेपुरता दिलेला आहे. हे अधिकार कागदावरून खालीं उतरविणें, हें जिल्ह्यांतील प्रत्येक शहराचें पहिलें काम. पुसद, वणी, दारव्हा यांसारख्या गांवांत माणूस माणसास ओळखतो. तेथें अनोळखी शिपायाच्या पावतीपेक्षां फलकावरचें ओळखीचें नांव अधिक परिणाम करील.

कायद्यांत उणिवा नाहींत असें नव्हे. दंड 200 रुपयांपर्यंतच; 2003 सालीं तो टोंचत असेल, आज टोंचत नाहीं. कर्नाटकानें 2025 सालीं तो 1,000 रुपये केला व विक्रीसाठीं वयाची अट 18 वरून 21 वर नेली. तीस खोल्यांचें हॉटेल किंवा तीस आसनांचें उपाहारगृह यांस निराळें धूम्रपानदालन ठेवतां येतें, ही सवलत तर अनाकलनीय आहे. धूर दाराशीं थांबत नाहीं. त्या दालनांत कांहीं वाढूं नये अशी भर 2017 सालीं घालावी लागली, म्हणजे चौदा वर्षें वाढप्याच्या फुप्फुसांचा विचार कोणीं केलाच नव्हता.

महाराष्ट्रानें स्वतः कांहीं पावलें टाकलीं. मुंबईच्या कमला मिल्समधील 2017 च्या आगीनंतर, 2018 सालीं हुक्कागृहें बंद झालीं. 2020 च्या सप्टेंबरांत सुटी सिगारेट व सुटी विडी विकण्यास बंदी आली. पण सुटी विक्री हा तर पानठेल्याचा प्राण! येथें शहराच्या नियमांस वाव आहे. तंबाखू विकणाऱ्यास निराळा परवाना असावा, आणि त्या दुकानांत मुलांच्या गोळ्याबिस्किटांस जागा नसावी, असें केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें 2017 सालींच राज्यांस सुचविलें आहे. परवाना असला म्हणजे तो काढून घेण्याची भीतिहि असते. ती 200 रुपयांत विकत घेतां येत नाहीं.

गरिबाच्या पोटावर पाय येतो, असा आक्षेप निघेल. तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पांढरकवडा, झरी, घाटंजी या भागांतील रानांत उन्हाळ्यांत तेंदूपानांची तोडणी होते, आणि आदिवासी घरांत त्या दिवसांत येणारा पैसा पेरणीस कामास येतो. तरीहि रुग्णालयाच्या ओसरींत ओढलेल्या विडीवर ती तोडणी अवलंबून नाहीं. नियम जागा ठरवितो. रान बंद करीत नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांत धूम्रपान करणारे प्रौढ शेंकडा 3.8 आढळले, तर धूररहित तंबाखू खाणारे 24.4. धुरावरच नियम करणारें शहर म्हणजे मोठ्या हंड्यास सोडून लोटीवर झांकण ठेवणारें घर. गुटख्यास 2012 पासून राज्यांत बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू व चुना घोटून दिलेला खर्रा वऱ्हाडांत आजहि पन्नींत बांधून हातोहात मिळतो. त्याची पिचकारी जिन्याच्या कोपऱ्यांत जाते व पन्नी गटारांत. शहराचे नियम नव्यानें लिहिले जातील तेव्हां परवान्याच्या अटींत सिगारेटीच्या शेजारीं खर्ऱ्याचें नांव स्पष्ट लिहावें, आणि गटार उपसण्याचा खर्च त्याच परवान्याच्या शुल्कांत धरावा.